एकच घर, चार पात्रं, बाहेरचा माणूस आत : मधला भाग पडतोय, काय बघू?

तिसरी_घंटा

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यातले काही जण, एकांकिका स्पर्धांमधून एकत्र आलेलो, आता पाऊण तासाची फिल्म करायचं ठरवलंय. पैसे सगळे स्वतःच्या खिशातले त्यामुळे लोकेशन एकच, माझ्या मावशीचं चिपळूणजवळचं घर, जुनं जांभ्याचं, ओटी-पडवी-माजघर-परसदार सगळं शाबूत, आजूबाजूला आवाज जाईल असं दुसरं घर नाही. शूटिंग पावसातच करायचंय.

गोष्ट अशी : रिटायर झालेल्या शाळामास्तरीण बाई आणि सुट्टीला आलेली त्यांची चौदा वर्षांची भाची. रात्री दोन माणसं मागचं दार फोडून आत येतात. घरात काहीतरी आहे जे त्यांना हवंय, काय ते इथे सांगत नाही. तर दार फुटेपर्यंत वाचन झकास होतं, ग्रुपमधले सगळे कान देऊन ऐकतात. शेवटही बरा जमलाय. पण मधली वीसेक मिनिटं साफ बसतात हो. या खोलीतून त्या खोलीत पळणं, लपणं, सापडणं, सुटणं, परत लपणं, एवढंच चालू राहतं आणि वाचणाऱ्यालाच कंटाळा येतो.

मला दोन गोष्टी हव्यात. या प्रकारातले अभ्यास करण्यासारखे सिनेमे कुठले, आणि त्यातला नेमका कुठला भाग बघू. नुसती लिस्ट नको कृपया, लिस्टा खूप मिळाल्या. आणि दुसरं, आपल्याकडच्या घरात हे खरं वाटायला काय करावं लागेल. परदेशी घरात काचेची दारं, मागे जंगल, एकटी बाई, हे सगळं आपोआप असतं. आपल्याकडे शेजारची काकू खिडकीतून डोकावते.

---

खिडकीपाशी

पहिली गोष्ट करा, ते मागचं दार फोडणं काढून टाका.

मी हे ठामपणे म्हणतोय कारण तुमची मधली वीस मिनिटं तिथेच मेली आहेत. एकदा दार फुटलं की बाईंना कळलं हे वाईट लोक, प्रेक्षकांना कळलं हे वाईट लोक, त्या दोघांनाही माहितीये की सगळ्यांना कळलंय. मग उरतं काय, पळापळच उरणार. कोणालाही कोणाबद्दल काही शोधून काढायचं बाकीच राहत नाही.

आता 'वेट अनटिल डार्क' बघा, १९६७ चा, ऑड्री हेपबर्नचा. दिग्दर्शक टेरेन्स यंग, ज्याने त्याआधी सुरुवातीचे बाँडपट केले होते. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधलं तळघरातलं घर, सुझी नावाची बाई, अपघातात नुकतीच दृष्टी गेलेली, नवरा फोटोग्राफर. नवऱ्याला विमानतळावर एका अनोळखी बाईने एक बाहुली सांभाळायला दिली, बाहुलीत हेरॉइन आहे, हे नवऱ्याला माहिती नाही आणि सुझीला तर नाहीच. तीन माणसांना ती बाहुली हवीये. ती माणसं दार फोडून बाईला धरून मारहाण करत बसत नाहीत. एक येतो नवऱ्याचा जुना लष्करातला मित्र बनून, एक येतो पोलीस बनून, तिसरा आधी एका म्हाताऱ्याचं सोंग घेऊन आणि नंतर त्याच म्हाताऱ्याचा मुलगा बनून. सुझी स्वतःच्या हाताने दार उघडते, बसा म्हणते, त्यातल्या एकावर तर भावासारखा विश्वास टाकते. आपल्याला पहिल्यापासून माहिती असतं की तिघं एकच टोळी आहेत. म्हणजे प्रेक्षक पुढे, बाई मागे, आणि मधला अख्खा तास हे अंतर कमी होत जातं. मधला भाग म्हणजे तिचा तपास आहे. जवळपास सगळा बसल्याजागी, कानांनी केलेला.

त्यातलं एकच सांगतो कारण ते तुम्हाला थेट उपयोगी आहे. ते लोक रस्त्यापलीकडच्या फोनबूथमधल्या साथीदाराला खूण करायला खिडकीच्या ब्लाइंड्स उघडझाप करतात. का करतायत ते प्रेक्षकाला दिसतं. सुझीला दिसत नाही पण आवाज ऐकू येतो, आणि तिच्या डोक्यात येतं, हे सारखे माझ्या ब्लाइंड्सशी का खेळतायत? मग तो पोलीस म्हणवणारा सारखा काहीतरी पुसतोय, हे काय चाललंय? मग बुटांचा आवाज, म्हाताऱ्याचे आणि मुलाचे बूट सारखेच कसे वाजतात? मग 'मित्राने' दिलेला फोन नंबर समोरच्या बूथचाच निघतो. एक-एक करून ती जोडत जाते. तिला कळतंय हे त्यांना कळलं तर संपलं, म्हणून तिने कळलं नाहीसं दाखवत राहायचं. इथे कोणी पळत नाही आणि तरी खुर्चीचा दांडा घट्ट धरावा लागतो.

शेवटची झटापट सगळ्यांना आठवते (न बघितलेल्यांनी पुढची दोन वाक्यं सोडा) ती घरातले सगळे दिवे फोडते कारण अंधारात ती आणि तो बरोबरीला येतात, तिच्याच बाजूला झुकतं माप येतं. आणि एक दिवा राहून जातो, फ्रिजमधला. पण तो शेवट चालतो तो मधल्या तासामुळे, कारण तोपर्यंत आपल्याला ते घर पाठ झालेलं असतं, जिना कुठे, फ्रिज कुठे, वॉशिंग मशीन कुठे.

तुमच्या बाईंनी दार का उघडलं? हे उत्तर शोधा, बाकीचं आपोआप सुटत जाईल.

---

कोपऱ्यातली_सीट

वरच्या प्रतिसादाला +१. फक्त एक भर, हा बघायचाच असेल तर रात्री, दिवे घालवून, हेडफोन लावून बघा. १९६७ ला थिएटरवाल्यांनी शेवटच्या सीनला हॉलमधले दिवे नियमात बसेल तेवढे कमी करत नेले होते, जाहिरातच तशी केली होती. दुपारी मोबाईलवर बघून 'एवढं काय त्यात' म्हणणारे भेटतात, त्यांचा राग येतो मला. आणि त्या टोळीतला तिसरा, म्हणजे अॅलन अर्किन! काळा चष्मा, हळू बोलणं, फारसा आवाज चढवत नाही. तुमच्या दोघांतला एक तरी असा शांत ठेवा.

---

अण्णा_डोंबिवलीकर

तिसरी_घंटा, तुम्ही एकांकिकावाले आहात म्हणून मुद्दाम लिहितोय. वर ज्याचा उल्लेख झाला तो मुळात नाटकच आहे, फ्रेडरिक नॉटचं, १९६६ ला ब्रॉडवेवर आलं, आर्थर पेनने बसवलेलं. नाटकवाल्याचं डोकं कसं चालतं, सेट एकच आहे ना मग सेटमधली प्रत्येक वस्तू पोटाला लागली पाहिजे. पहिल्या अंकात दिसलेली कात्री तिसऱ्या अंकात हातात आली पाहिजे. हे तुम्हाला स्पर्धांमधून अंगवळणी पडलेलं असणार, कॅमेरा हातात आला म्हणून विसरू नका.

आणि आपल्याकडचं बघायचं असेल तर १९६९ चा 'इत्तेफाक'. यश चोप्रांचा. गाणं एकही नाही, त्या काळात, तेही राजेश खन्नाच्या सिनेमात! पार्श्वसंगीत सलील चौधरींचं. हाही मूळ नाटकावरूनच आलेला, गुजराती रंगभूमीवरचं 'धुम्मस'. चोप्रांना त्याच्यासाठी फिल्मफेअरचं दिग्दर्शनाचं अवॉर्ड मिळालं. पावसाची रात्र, बायकोच्या खुनाचा आरोप असलेला चित्रकार वेड्यांच्या इस्पितळातून पळतो आणि एका घरात घुसतो, घरात नंदा एकटी. इथे तो जबरदस्तीनेच शिरतो, म्हणजे खिडकीपाशी म्हणतात ते दार उघडण्याचं सूत्र इथे नाही. तरी मधला भाग पडत नाही. का पडत नाही? कारण साधारण मध्यावर आपण घुसलेल्या माणसाकडे संशयाने बघायचं थांबवतो आणि घरातल्या बाईकडे बघायला लागतो. ती काही लपवतेय का? एवढी एक शंका पेरली की त्याच खोल्या, तेच दोघं, पण आपण वेगळं बघायला लागतो. पुढचं सांगत नाही, ज्यांनी बघितला नाही त्यांनी जुनाच बघावा.

तुमच्या बाईंकडे लपवण्यासारखं काही आहे का? शाळामास्तरीण आहे म्हणून ती धुतल्या तांदळासारखी असली पाहिजे असं कुठे लिहिलंय. घरातली ती वस्तू तिच्याकडे आली कशी, हे भाचीला माहिती आहे का?

---

सायली_के

मोबाईलबद्दल कोणीच बोललं नाही अजून. १९६७ आणि १९६९ ला फोनची वायर कापली की काम झालं. आज पहिला प्रश्न तोच येणार, ११२ का नाही लावला?

यासाठी 'हश' बघा, २०१६ चा, माइक फ्लॅनागनचा. लेखनात केट सीगल पण आहे आणि मुख्य भूमिकाही तिचीच. मॅडी नावाची लेखिका, लहानपणी मेनिंजायटिसने ऐकणं आणि बोलणं दोन्ही गेलेलं, जंगलातलं घर, बाहेर एक माणूस. सगळी मिळून पाच पात्रं, दीड तासाच्या आतच संपतो, संवाद अगदी थोडे. त्यात तो माणूस आधी तिचा फोन उचलतो, आणि काय करतो तर तिच्याच फोनने तिचेच फोटो काढून तिच्याच लॅपटॉपवर पाठवतो. म्हणजे ती पाठमोरी बसलीये आणि स्क्रीनवर तिची स्वतःची पाठ येते. अंगावर काटा. मग वीज तोडतो की वायफाय गेलं. म्हणजे 'रेंज नव्हती' असं म्हणून लेखक मोकळा झालेला नाही, फोन जाण्याचाच एक सीन झालाय.

अजून एक सीन नक्की बघा. तो मुखवटा घालून आलेला असतो. ती काचेवर लिपस्टिकने लिहिते की मी कोणाला सांगणार नाही, मी तुझा चेहरा पाहिलेला नाही. वाचून तो काय करतो? मुखवटा काढतो. एक शब्दही न बोलता तिला कळतं की आता सुटका नाही. फिल्म सुरू होऊन फार वेळही झालेला नसतो! दुसऱ्या कोणी मुखवटा शेवटपर्यंत राखून ठेवला असता. मला वाटतं ते राखून ठेवलं असतं तर मधला भाग 'कोण आहे' या प्रश्नावर लोंबकळत राहिला असता, आता तो 'ती काय करणार' यावर उभा राहतो. आणि मधेच तिच्या डोक्यात एक-एक पर्याय चालतो, इथून पळाले तर, छपरावर गेले तर, आणि प्रत्येक वेळी शेवट काय होईल ते आपल्याला दाखवतात. लेखिका आहे ना ती, तिला शेवट सुचतात. तुमच्या मास्तरीण बाई काय शिकवायच्या? गणित शिकवत असतील तर त्या वेगळा विचार करतील आणि भूगोल शिकवत असतील तर वेगळा, ते वापरा.

चिपळूणकडे पावसात टॉवरच बंद पडतो तो मुद्दा खरा आहे, माझं सासर तिकडचंच. दोन दिवस लाईट नसली की रेंज पण जाते. पण ते पहिल्या पाच मिनिटांत सहज येऊ दे, भाची वैतागून पडवीत फोन उंच धरून फिरतेय असं काही. माणसं आल्यावर पहिल्यांदा कळलं तर सोयीचं वाटेल.

---

स्वराली

धागा वाचताना एक भीती वाटतेय म्हणून आधीच लिहिते. वेट अनटिल डार्कमध्ये आंधळी, हशमध्ये मूकबधिर, आता कोणी 'डोन्ट ब्रीद' काढेल त्यातला म्हातारा आंधळा. कृपया हे वाचून बाईंना आंधळी करू नका. माझे काका जन्मापासून दृष्टिहीन आहेत, मी त्यांच्या घरात वाढले, त्यामुळे हे सिनेमे मी जरा वेगळ्या नजरेने बघते.

सुझीचं पात्र मला का पटतं तर तिचा नवरा तिला सारखी मदत करत नाही म्हणून. पडलेली वस्तू तू शोध म्हणतो, तिला राग येतो, पण ती शोधते. त्यामुळे शेवटी ती जे करते ते आकाशातून पडल्यासारखं वाटत नाही. हेपबर्न त्या भूमिकेसाठी न्यूयॉर्कच्या लाइटहाउस या अंधांसाठीच्या संस्थेत जाऊन शिकली होती, वावरण्यात ते दिसतं, ऑस्करचं नॉमिनेशनही मिळालं होतं. पण बऱ्याच सिनेमांत अपंगत्व म्हणजे लेखकाला मिळालेली फुकटची भीती असते, माणूस कुठेच नसतो.

आमच्या घरात काकांचा एकच कडक नियम, स्टूल हलवायचं नाही. पाहुण्यांनी खुर्ची जरा सरकवली तरी ते गेल्यावर काका हाताने चाचपून जागेवर आणून ठेवणार. घरात कोण येऊन गेलं हे त्यांना खुर्च्यांवरून कळायचं. म्हणजे घर माहिती असणं काय असतं, हे मला तिथे कळलं. तुमच्या बाई डोळस आहेत, तरी त्या घरात त्यांचा जन्म गेलाय. अंधारात माजघरातून परसदारी जाताना किती पावलांवर उंबरा लागतो हे त्यांना माहिती असणारच. आणि भाचीला नाही! ती सुट्टीपुरती आलीये, ती अडखळणार. हा फरक वापरा ना, कोणाला आंधळं करायची गरज नाही.

---

खिडकीपाशी

स्वराली, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. खुर्चीवरून कळतं कोण येऊन गेलं, हा तर अख्खा सीन आहे.

घर पाठ करून देण्याबद्दल, 'पॅनिक रूम' (२००२, दिग्दर्शक फिंचर) ची फक्त पहिली वीस-पंचवीस मिनिटं बघा. एजंट मायलेकींना घर दाखवत फिरतो, लिफ्ट, जिने, मजले, ती पोलादी खोली. कंटाळवाणी घरपाहणी वाटते पण तुम्हाला नकाशा मिळालेला असतो. मग रात्री चोर शिरताना कॅमेरा बेडरूममधून निघतो तो जिन्याच्या कठड्यातून, खालच्या मजल्यावर, कुलपाच्या भोकात शिरून परत बाहेर, स्वयंपाकघरात भांड्याच्या कडीतून आरपार. ते आपल्या बजेटमध्ये अर्थातच नाही, संगणकाची मदत घेतलेला शॉट आहे. पण काम काय करतो तो, आई इथे झोपलीये आणि चोर तिथे आहेत, मधे एवढं अंतर, हे एका दमात सांगतो. तुम्ही तेच काम भाचीला घरभर कंदील घेऊन फिरवून करू शकता.

---

मनोहर_वाई

सगळे घरातल्या बाईबद्दल बोलतायत, मी घुसणाऱ्यांच्या बाजूने बोलतो. दोन माणसं आहेत ना तुमची? दोघांना एकच हवं असेल तर दोन कशाला, एकच ठेवा, नटाचे पैसे वाचतील. दोन असतील तर दोघांना वेगवेगळं हवं असलं पाहिजे.

पॅनिक रूममध्ये तीन चोर आहेत. एकाला घराची माहिती, एक असल्या सुरक्षित खोल्या बनवणारा कारागीर, आणि तिसऱ्याला पहिल्यानेच परस्पर आणलंय आणि त्याच्याकडे पिस्तूल आहे. कारागीराला (फॉरेस्ट व्हिटेकर) कोणाला इजा करायची नाहीये, पिस्तूलवाल्याला फरक पडत नाही. मायलेकी आत बंद, चोर बाहेर, आणि त्यांना हवा तो माल नेमका त्याच खोलीत. मधे पोलादी दार आहे, मारामारी शक्यच नाही, मग वेळ कशावर जातो? चोरांच्या आपसातल्या भांडणावर. त्यात मुलीला मधुमेह, तिचं इंजेक्शन बाहेर. हळूहळू आतल्या आईला उमगतं की या तिघांतला एक वेगळा आहे. वेट अनटिल डार्कमध्ये पण तेच, तिसऱ्याने बाकी दोघांना धमकावून कामाला लावलंय, त्यामुळे ते तिघं मुळात एकमेकांचे नाहीतच.

तुमच्या दोघांतला एक गावातला असला तर? बाईंचाच जुना विद्यार्थी. दुसरा बाहेरचा. विद्यार्थ्याला बाई 'अरे' म्हणतात, त्याची मान खाली जाते, आणि बाहेरच्याला कळत नाही हा आत्ता एवढा मऊ का पडला. बाईंनी दार का उघडलं याचं उत्तरही मिळालं की.

---

गोठलेला_चहा

'फनी गेम्स' कोणी सुचवायच्या आत सांगतो. दिग्दर्शक हानेकेचा, १९९७ चा जर्मनमधला आणि २००७ ला त्यानेच इंग्रजीत जवळजवळ शॉट टू शॉट परत केलेला. त्यात पण दार फोडत नाहीत, पांढरे हातमोजे घातलेला एक सभ्य पोरगा अंडी मागायला येतो. अंडी फुटतात, परत मागतो, परत फुटतात. तो अंड्यांचा सीन अभ्यासायला घ्या, चांगल्या घरातली बाई उर्मट न दिसता नाही कसं म्हणणार, एवढ्यावर तो अख्खा सीन ताणलाय. मारहाण जवळपास सगळी फ्रेमबाहेर, आवाजावर. पण पूर्ण सिनेमा झेपेल तेव्हाच बघा, मला झेपला नव्हता आणि तो प्रेक्षकाला त्रास द्यायलाच केलेला आहे. भाचीचं काम करणारी पोरगी लहान असेल तर तिला तर अजिबात दाखवू नका.

---

सायली_के

अंड्यांवरून आठवलं, आपल्याकडे पाणी! भर पावसात ओटीवर कोणी आलं आणि 'काकू, जरा पाणी मिळेल का' म्हटलं तर कुठली कोकणातली बाई दार उघडणार नाही? पाणी नाही म्हणायची पद्धतच नाही आपल्यात. आमच्या सोसायटीत दुपारी एकट्या असणाऱ्या एक आजी आहेत, सेफ्टी डोअरची जाळी आहे, दाराला डोळा आहे, साखळी आहे, सगळं आहे, तरी 'आजी' म्हणून कोणी हाक मारली की त्या साखळी काढून मोकळ्या. वॉचमन सांगून थकला. दाराला कितीही कड्या लावा, नातं लावून हाक मारली की कडी निघते.

आणि 'कौन' कसा कोणी काढला नाही अजून? १९९९, रामगोपाल वर्मा, लेखन अनुराग कश्यपचं. तीन नट, एक घर, गाणी नाहीत. आपली उर्मिला, मनोज बाजपेयी, सुशांत सिंग. बाहेर वादळी पाऊस, टीव्हीवर खुन्याची बातमी, आणि मनोज बाजपेयी दारात उभा राहून मल्होत्रासाहेबांचं घर विचारतोय. ती नाही म्हणते, तो जात नाही. बेल, परत बेल. किती वेळ नुसता दाराच्या अल्याड-पल्याड चाललाय तो सिनेमा! सुरुवातीला वाटतं हिने अजिबात उघडू नये, मग वाटायला लागतं बिचारा भिजतोय, काय ही बाई. आपलंच मन बदलतं, दिग्दर्शक फक्त बेल वाजवतो. शेवट इथे कोणी लिहू नका प्लीज.

---

बूम_ऑपरेटर

साउंडचं काम करतो म्हणून थोडं लांबलचक लिहितो, कारण एका घरातल्या सिनेमात अर्धा सेट आवाजाचा असतो आणि लोक ते शेवटी एडिटला बसल्यावर आठवतात.

वेट अनटिल डार्कचं संगीत हेन्री मॅन्सिनीचं. त्याने दोन पियानो वापरले आणि दुसरा पियानो पहिल्यापेक्षा पाव स्वराने उतरवून लावला. तीच सुरावट दोन्हीवर वाजली की ऐकणाऱ्याला पियानो बिघडलाय असं धड म्हणता येत नाही पण पोटात कसंतरी होतं. यावरून एवढंच घ्या की भीती दाखवायला मोठा आवाज लागत नाही. धाडकन दचकवणारे ठोके टाकू नका, दोनदा दचकलं की प्रेक्षक तिसऱ्यांदा कानावर हात ठेवून बसतो.

आता तुमचं घर. जांभ्याच्या भिंती आणि वर कौलं, म्हणजे पत्र्यासारखा तडतडाट नाही, पण पागोळ्यांचा आवाज सतत असणार आणि तो प्रत्येक टेकला वेगळा असणार. संवाद कापून जोडताना पाऊस उड्या मारेल. म्हणून खोलीनिहाय पाऊस वेगळा रेकॉर्ड करून ठेवा, माजघरात एक, पडवीत एक, परसदारी एक, प्रत्येक ठिकाणी सगळ्यांनी गप्प बसून काही मिनिटं. माजघरात पाऊस दबका ऐकू येतो, पडवीत अंगावर येतो. मग दार उघडलं की आवाज फुगेल आणि मिटलं की बसेल, आणि प्रेक्षकाला न बघता कळेल की घरात कुठेतरी कोणीतरी दार उघडलंय. हा तुमचा सगळ्यात स्वस्त भीतीचा शॉट. बाई स्वयंपाकघरात भाचीशी बोलतायत आणि मागे पावसाचा आवाज एकदम मोठा झाला. दोघी गप्प. परत लहान झाला. म्हणजे आत आलं कोणीतरी, आणि दार लावूनही घेतलं.

बाकी जुन्या घरात जिना, झोपाळ्याच्या कड्या, रहाट, कोयंडा, प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो. शूटच्या आधी एक दिवस फक्त हे आवाज गोळा करायला जा. कथा लिहिणाऱ्यानेही सोबत जावं, कारण तिथे बसून ऐकलं की सीन सुचतात.

---

अण्णा_डोंबिवलीकर

बूम_ऑपरेटर, तो पाऊस मोठा-लहान होण्याचा सीन आमच्या काळात कोणी सुचवला असता तर मी प्रयोगात वापरला असता. मस्त.

---

तिसरी_घंटा

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री ग्रुपमध्ये पूर्ण धागा मोठ्याने वाचला.

मागचं दार आता फुटत नाही. मनोहर_वाई, विद्यार्थी घेतला. तो पुढच्या दाराने येतो, ओटीवर उभा राहून 'बाई, मी' म्हणतो, गाडी बंद पडलीये, सोबत मित्र आहे. बाई त्याला चेहऱ्याने ओळखत नाहीत, आवाजाने ओळखतात, आणि खूश होऊन दार उघडतात. चहा टाकतात. म्हणजे मधली पंधरा मिनिटं आता चहा, भजी, जुन्या आठवणी यातच आहेत आणि प्रेक्षकाला माहितीये की गाडी बंद पडलेली नाही, कारण ती आम्ही आधीच दाखवलीये, दिवे बंद करून वडाखाली लावलेली. बाईंना संशय यायला सुरुवात होते ती मित्राच्या पायांवरून. गाडी ढकलून आलेल्या माणसाच्या पायांना चिखल कसा नाही? सायली, बाई विज्ञान शिकवायच्या, निरीक्षण-अनुमान-निष्कर्ष फळ्यावर लिहून घ्यायच्या, विद्यार्थ्यालाही ते आठवतंय, त्यामुळे बाई चिखलाकडे बघतायत हे तो बघतो. तो मित्राला सांगतो की नाही, यावर पुढचं सगळं.

अण्णा, बाई काय लपवतायत ते पण सापडलंय, ते मात्र इथे लिहीत नाही.

एकच अडलंय. शेवटी अंधार हवाच आहे. पण मावशीकडे इन्व्हर्टर आहे, गावात सगळ्यांकडे असतो आता. लाईट गेली तरी दोन ट्यूब चालू राहतात. इन्व्हर्टर नाहीच असं दाखवावं का?

---

बूम_ऑपरेटर

अजिबात काढू नका! तो तुमचा फ्रिजचा दिवा आहे. बॅटरी उतरत आली की इन्व्हर्टर बीप द्यायला लागतो, आधी थांबून थांबून, मग घाईघाईने. ते बीप चहाच्या सीनपासूनच सुरू करा. पाहुणे विचारतील हे काय वाजतंय, भाची सहज सांगून टाकेल, 'बॅटरी चाललीये, अजून थोडा वेळ चालेल.' त्यानंतर प्रत्येकाला माहितीये अंधार कधी येणार, फक्त बाईंना अंधारात ते घर पाठ आहे आणि पाहुण्यांना नाही. बीपचा आवाज तुमच्याच इन्व्हर्टरचा रेकॉर्ड करा, जवळून आणि दोन खोल्या पलीकडून, दोन्ही. डाउनलोड केलेला वापरू नका, आपल्या प्रत्येकाच्या घरात तो वाजतो, खोटा असला तर लगेच ओळखू येईल.

---

स्वराली

आणि ट्यूब गेल्यावरही इन्व्हर्टरवरचा छोटा लाल दिवा थोडा वेळ राहतो, निदान आमच्याकडच्यावर तरी राहतो. मावशींकडचा तपासून घ्या. राहत असेल तर बाईंना तो आठवला पाहिजे, किंवा आठवायला उशीर झाला पाहिजे.

---

तिसरी_घंटा

मावशीला आत्ता फोन केला, लाल नाही, हिरवा आहे. आणि तो माजघराच्या कोपऱ्यात आहे, नेमका परसदाराच्या वाटेवर. रात्री परत लिहायला बसतेय.